वीस माणसांचा पंखा

गुणवंतमामा, तुमच्या तेरवीला मी आलो, पण जेवलो नाही. पान वाढलेलं होतं. कौसल्यामामींनी दोनदा हाक मारली, शेजारच्यांनी दंडाला धरून ओढलं. पोट बरं नाही, असं सांगून मी सुटका करून घेतली. पोट चांगलं होतं. मेलेल्या माणसावर राग धरायचा आणि त्याच्याच घरचं गोड खायचं, हे मला जमत नाही, एवढंच. तुम्ही असता तर म्हणाला असता, राग वेगळा, बुंदी वेगळी, खाय लेका.

मांडवात लोक तुमच्याबद्दल बोलत होते. असा फिटर पुन्हा होणे नाही. विहिरीवरचं ऑईल इंजिन बांधावरून नुसतं ऐकून काय बिघडलंय ते सांगायचा. जिनिंगमधल्या मशिनी मुंबईच्या माणसाला उमगल्या नाहीत त्या गुणवंतानं चालू केल्या. सगळं खरं आहे, मी कशालाच नाही म्हणत नाही. पण मला कोणी बोलायला सांगितलं असतं, तर मी सांगितलं असतं की या माणसानं आयुष्यात एकदा खोटी सही केली आणि ती माझ्या गावाच्या उरावर केली. बरं झालं, मला कोणी सांगितलं नाही.

आता सांगतो. तुम्हालाच सांगतो, कारण हा वाद आपल्या दोघांचा आहे आणि तुम्ही तो अर्धवट टाकून निघून गेलात.

धरणाचं पाणी चढलं तेव्हा आमच्या सावळखेडचा रस्ता बुडाला. पलीकडच्या काठावर आम्ही तीन गावं उरलो. समोर दिसणाऱ्या शाळेला, दवाखान्याला, बाजाराला जायचं तर एकोणीस मैलांचा फेरा. आणि पाण्यावर काय, तर पाटबंधारे खात्याची एक स्पीडबोट. पाहणीसाठी घेतली म्हणे. पाहणी नेमकी रविवारी व्हायची, साहेबांच्या बायकामुलांसह, पांढऱ्या फेसाची रेघ ओढत. आमच्या बायका काठावर धुणं धुताना ती रेघ पाहायच्या. मी पत्रक छापलं, "रस्ता आमचा बुडाला, सहल कोणाची?" तुम्ही ते वाचलंत आणि म्हणालात, "मथळा बरा हाय. पण पत्रकवाल्या, बोट मागतो, तं तिचं इंजिन तरी समजून घे. नाईतर देतील अन् तुले समजनारबी नाई का काय देल्लं."

माझी आई तुमच्या गल्लीतली, म्हणून तुम्ही मामा. पण खरं नातं तिथून सुरू झालं, त्या दुपारी, जिनिंगमागच्या तुमच्या पत्र्याच्या वर्कशॉपात.

तुम्ही एक लाकडाचा स्क्रू घेतलात आणि फळीत एक फेरा फिरवलात. एका फेऱ्यात तो जेवढा आत गेला, ते नखानं दाखवलंत. बोटीला पाण्याखालून ढकलणाऱ्या पंख्याचंही असंच, म्हणालात. एका फेऱ्यात तो पाण्यात किती पुढं जाईल, त्याला पीच म्हणायचं. पीच जास्त, तर एका फेऱ्यात लांब उडी, पण इंजिनाला जोर जास्त लागतो. पीच कमी, तर उडी आखूड, पण इंजिन मोकळं फिरतं. आणि प्रत्येक इंजिनाच्या पाटीवर लिहिलेलं असतं की थ्रॉटलचा, म्हणजे वेगाचा, दांडा पूर्ण दिल्यावर त्यानं मिनिटाला किती फेरे घ्यावेत. या बोटीच्या पाटीवर चार हजार ते चार हजार चारशे. पंखा असा पाहिजे की भरलेली बोट, थ्रॉटल पूर्ण खाली, आणि फेरे बरोबर त्या दोन आकड्यांच्या मध्ये.

मी विचारलं होतं, खाली राहिले तर काय बिघडतं? हळू जाईल, पण जाईल तर.

तुम्ही म्हणालात, "राजूर घाटात भरला ट्रक टॉप गिअरवर चढवून पाह्य. जाते. थोडा टाइम जाते. मंग धूर देते, तापते, अन् एक दिवस बसते ते बसतेच."

मग ते वाक्य बोललात, ज्यासाठी मी तुमचा झालो. त्या बोटीला सतरा इंच पीचचा पंखा होता. दोन साहेब आणि एक डबा, एवढ्या वजनाला अगदी बरोबर. वीस माणसांना तेरा लागेल. आणि तेराचा बसवला, तर साहेबांना रविवारी रिकाम्या बोटीत थ्रॉटल पूर्ण दाबता येणार नाही, इंजिन पाटीवरच्या आकड्याच्या वर पळेल आणि फाटेल. दोघांचं एकदम भागत नाही. तुम्ही कानस खाली ठेवलीत आणि म्हणालात, "पंखा ज्याच्या वजनाले कापला, बोट त्याची. बाकी कागद काईबी म्हनू दे."

मामा, मी पंधरा पत्रकं लिहिली असतील, त्यात एवढं सरळ वाक्य एकही नव्हतं. ते मी छापलं. तुमचं नाव न घालता छापलं, कारण तुम्हीच घालू नको म्हणालात. तेव्हा मला तो विनय वाटला.

धरणाच्या भिंतीवर आम्ही अकरा दिवस बसलो. बाराव्या दिवशी साहेबांनी मान्य केलं, की सकाळ-संध्याकाळ बोट लोकांना मिळेल, पण वीस माणसांच्या वजनानं चाचणीत पास झाली तर. चाचणी कोण घेणार? दोन्ही बाजूंना चालेल असा माणूस पाहिजे. मी तुमचं नाव सुचवलं आणि साहेबांनी लगेच हो म्हटलं. तिथंच मला शंका यायला पाहिजे होती. उलट मी फुशारलो.

चाचणीचा दिवस मी किती वेळा आठवला असेल. कापसाचा हंगाम होता. माणसं बसवून चाचणी नको, बिघडलं तर जिवाशी खेळ, असं ठरलं होतं. माणसांच्या जागी सरकीची जड पोती. वीस माणसांच्या वजनाएवढी सरकी, हा हिशेब तुम्हीच केलेला. जिनिंगमधून बंडी आली, पोती उतरली, बोट काठोकाठ भरली, वरपर्यंत रचली. मी वर भिंतीवर लोकांना आवरत होतो, हातात पत्रकांचा गठ्ठा. तुम्ही इंजिनाजवळ वाकलात. फेरे मोजायचं ते हातातलं घड्याळ, जिनिंगचं, तुम्ही शाफ्टच्या टोकाला टेकवून धरलंत. सुखदेव ड्रायव्हरनं थ्रॉटल दिला. बोट उचलली गेली, नाक वर आलं, अशी पळाली की पलीकडून आमच्या लोकांनी फडकी हलवली. तुम्ही परत आलात आणि आकडा सांगितलात, चार हजार शंभर. सतराच्याच पंख्यावर.

मी तुम्हाला विचारलं, मामा, तुम्ही तर तेरा म्हणत होता. तुम्ही रुमालानं हात पुसत म्हणालात, अंदाज चुकते कधी कधी. आणि सही केलीत. "वीस माणसांच्या वजनासह योग्य."

त्या संध्याकाळी मी शेवटचं पत्रक छापलं. "निर्धास्त बसा. मलकापूरच्या गुणवंत मिस्त्रींनी तपासलेली बोट आहे." या वेळी तुमचं नाव घातलं, मोठ्या टायपात. तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही पाहिलंत आणि घडी करून खिशात ठेवलंत.

पाच आठवडे बोट चालली. धूर द्यायची, पण सुखदेव म्हणायचा नवीन पेट्रोलचा दोष असेल. मार्च आला. सातवीच्या परीक्षेचं केंद्र अलीकडच्या काठावर. आमच्या तीन गावांतली सहा पोरं, त्यात माझी बहीण शांती. सावळखेडमधून सातवीला बसणारी पहिली मुलगी. पहिलाच पेपर गणिताचा. सकाळी बोटीत अठरा माणसं होती. मधोमध आल्यावर इंजिनानं एक आचका दिला आणि बसलं. वारा होता. बोट वाहत वाहत बुडालेल्या बाभळींत जाऊन अडकली. काठावरून कोणाचा आवाज पोचत नव्हता. दुपारी मासेमारांनी दोर टाकून ओढून आणली. शांतीनं पट्टी आणि पेन ओल्या ओढणीत गुंडाळून धरले होते. पेपर सुटून तास झाला होता.

जीव कोणाचा गेला नाही, म्हणून खात्यानं त्याला अपघातही म्हटलं नाही. लोकांनी जास्त भरली, धक्काबुक्की केली, असं लिहिलं. मी भांडायला गेलो तर साहेबांनी ड्रॉवरमधून तुमची सही काढून दाखवली. वीस माणसांसह योग्य, आणि हे तर अठराच होते. मग चूक कोणाची? इंजिन त्यांनी पुढं दुरुस्त करून घेतलं. पंखा तोच. रविवारची रेघ पुन्हा सुरू झाली. आमचं माणूस मात्र त्या बोटीत पुन्हा बसलं नाही. बापानं शांतीला सांगितलं, झालं तेवढं पुरे.

आणि मी? मी तरीही तुमच्याच बाजूनं बोलत होतो. मामाचा अंदाज चुकला असेल, माणूस आहे. महिनाभर असं सांगत फिरलो. मग एका बाजारच्या दिवशी मलकापुरात त्या दिवशीचा हमाल भेटला. चहा पिता पिता मी म्हणालो, एवढी सरकी चढवलीत तुम्ही, कंबर मोडली असेल. तो हसला. म्हणाला, "सरकी कुठची भाऊ? कापूस होता तो. मिस्त्रीनंच सांगतलं, सरकी राहू दे, कापूस भर."

मी तसाच तुमच्याकडे आलो. तुम्ही व्हाइसमध्ये काहीतरी धरून घासत होता. मी विचारलं, पोत्यात काय होतं? तुम्ही वर पाहिलं नाही. कानस चालूच. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणालात, "कापूस."

काऊन, मामा?

तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते मी इथं जसंच्या तसं लिहितो, तुमच्यावर अन्याय नको. आदल्या दिवशी साहेबांनी तुम्हाला बोलावलं होतं. बोट नापास झाली तर ती स्टोअरला परत जाईल. नवा पंखा मागवायचा तर मंजुरी लागेल, मंजुरीला वर्ष लागेल, आणि कोणी सांगावं, येईल की नाही. तुम्ही विचार केलात, वाईट बोट असली तरी बोट आहे. एकदा लोकांच्या हातात आली की मागून मी गुपचूप पंखा बदलून टाकीन. ओतवायचा, घासायचा, तीन महिन्यांचं काम. इंजिन तेवढं टिकेल असं वाटलं. टिकलं नाही.

मी म्हणालो, मला का नाही सांगितलं?

"तुले सांगतलं असतं, तं तू छापलं असतं."

हो, छापलं असतं.

"म्हनूनच."

आपलं शेवटचं बोलणं हेच. मी तुम्हाला नको ते बोललो, साहेबांचा माणूस म्हणालो. तुम्ही एकदाच म्हणालात, बस, चहा घे. मी बसलो नाही. नंतर आठ महिने तुमच्या दारासमोरून जायचं टाळलं. छातीचं दुखणं आहे, दम लागतो, असं आई सांगायची. मी ऐकून घ्यायचो आणि म्हणायचो, लागू दे. बोललो होतो, हे खरं.

मामा, तुम्ही खोटं बोललात याचा राग आहेच. पण त्याहून मोठा राग वेगळा आहे. तुम्ही मला इंजिन शिकवलंत, पीच शिकवलंत, भरल्या वजनाशिवाय आकड्याला अर्थ नाही हे शिकवलंत, आणि वेळ आली तेव्हा साहेबांवर विश्वास ठेवलात, माझ्यावर नाही. साहेब वर्षभर अडवतील ही धमकी तुम्हाला खरी वाटली. अकरा दिवस भिंतीवर बसलेली माणसं आणखी अकरा दिवस बसतील, हे खरं वाटलं नाही. पत्रक म्हणजे पोरखेळ, खरं काम गुपचूप होतं, असं तुम्ही नेहमी हसत म्हणायचात. आता सांगा, गुपचूप काय झालं? शांतीचं वर्ष गुपचूप गेलं.

एवढं लिहून मोकळा झालो असतो. पण तेरवीच्या दिवशी, सगळे पानांवर बसलेले असताना, मामी मागच्या दारानं आल्या. मला वर्कशॉपात नेलं. कोपऱ्यातलं सरकीचं एक पोतं उघडून म्हणाल्या, हात घाल. सरकीत खोल हात घातला. पितळ लागलं.

तीन पात्यांचा पंखा. असा घासलेला की पात्यावर कानसेची एक रेघ दिसत नाही. सोबत फडक्यात ते फेरे मोजायचं घड्याळ. आणि पंख्याच्या मधल्या गाभ्यावर, पंच ठोकून, तुमच्या त्या वाकड्या अक्षरात, "पीच १३. २० माणसं."

मामी म्हणाल्या, शेवटचे दोन महिने उठवत नव्हतं, तरी रोज तासभर हेच घेऊन बसायचे. तुझं नाव कधी काढलं नाही. पण कोणासाठी ते विचारायची गरज नव्हती.

तुम्हाला वाटलं असेल, पोरगा हा पाहील आणि विरघळेल. मी रडलो, ते मामींनी पाहिलं. पण रडता रडता राग वाढलाच. कारण त्या गाभ्यावर तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंत की तुम्हाला सगळं ठाऊक होतं. अंदाज चुकला नव्हता. वीस माणसांना तेरा, हे तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात आणि शेवटच्या दिवशी ठोकलंत. मध्ये फक्त एकदा, जिथं बोलायचं होतं तिथं, कापूस भरलात.

गेल्या आठवड्यात सुखदेवला गाठलं. साहेब दौऱ्यावर होते. पंखा बदलला. आमची माणसं बोटीत यायला तयार नव्हती, म्हणून पोतीच भरली, सरकीची, काट्यावर एकेक तोलून. घड्याळ मी धरलं, तुम्ही धरायचात तसं, कोपर गुडघ्याला टेकवून. सुखदेवनं थ्रॉटल पूर्ण दिला. आधी तीन हजार आठशे. मग बोटीनं पाणी धरलं आणि काटा चार हजार पन्नासवर गेला आणि तिथं राहिला. धूर नाही. इंजिनाचा आवाज असा, की त्यात काही खुपत नव्हतं. सुखदेव मागं वळून म्हणाला, "बुढ्यानं काय कापलाय बे." मी मान हलवली. तुमच्याबद्दल अभिमान वाटला, आणि अशा माणसानं असं करावं म्हणून तोंड कडू झालं. दोन्ही एकाच वेळी. मग जुना पंखा परत बसवला, कारण परवानगी नव्हती.

परवानगी मागायला गेलो. साहेब म्हणाले, सतराचा पंखा वीस माणसांसह योग्य असल्याचा दाखला आहे. तो असताना बदलायचं कारण काय? म्हणजे मामा, तुमचा खरा पंखा बसवायचा असेल, तर तुमची सही खोटी होती हे आधी सिद्ध करावं लागतं. दुसरी वाट नाही. तुम्हीच ठेवली नाही.

आणि ते सिद्ध करायचं, तर माझंही लिहावं लागतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, इथं पहिल्यांदा लिहितो. चाचणीनंतर पोती उतरवताना मी पाहत होतो. हमाल एका हातानं पोतं उचलून दुसऱ्याकडे फेकत होता. सरकीचं पोतं कोणाच्या बापाला एका हातानं उचलत नाही. मी कापूस पिकवणाऱ्या घरातला; रांगायला लागलो तो कापसाच्या ढिगावर. पाच वर्षांच्या पोराला कळेल ते मला समोर दिसत होतं आणि मी घोषणा देत होतो. मला जिंकायचं होतं, म्हणून दिसलं नाही. तुम्ही कापूस भरलात, मामा. मी त्याची सरकी करून छापली.

हे सगळं लिहून मी मामींना वाचून दाखवलं. मामांचं नाव जाईल, लोक बोलतील, मामी, तुम्ही नको म्हणालात तर फाडून टाकतो, असं म्हणालो. खरंच फाडलं असतं. त्यांनी निवडायच्या तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "शेवटी त्याईचा हात कशावर होता थे बी लिहिलं का?"

म्हटलं, पंख्याचं लिहिलंय. पूर्ण.

"मंग छाप. अर्धं छापू नको."

तर छापतो आहे. फेरचाचणी मागितली आहे, आणि लोक भिंतीवर पुन्हा बसले आहेत. आज चौथा दिवस. मार्चची परीक्षा यायच्या आत तेराचा पंखा बसला तर शांती पेपरला जाईल. बापाला मी विचारलेलं नाही. तिनंच सांगितलं, मी जाणार.

काल तिला म्हणालो, चाचणी सगळ्यांसमोर होईल, पोती तोलून घेऊ, काट्यावर मी स्वतः उभा राहीन, मग तर बसशील ना?

तिनं माझ्याकडे पाहिलं. तुमच्याकडे मी ज्या नजरेनं कधीच पाहिलं नाही आणि पाहायला हवं होतं, त्या नजरेनं.

"तू उभा राह्य," ती म्हणाली. "पण बसायच्या आधी मी पोत्यापोत्यात हात घालून पाहीन."